घाटातला धक्का

जुनं घड्याळ भंगारात निघालं तेव्हा त्याला निरोप द्यायला एकच माणूस आलं, आणि तेही सहीपुरतं बोलावलेलं.

अंबेमाळच्या उंची कार्यालयाला तेवीस पायऱ्या. नोकरीत असताना हेमांगीबाई शेडगे एका हातात डबा आणि काखेत छत्री घेऊन त्या एका दमात चढायच्या. आता बहात्तरावं चालू होतं. दर चार पायऱ्यांना त्या कठड्याला धरून उभ्या राहत होत्या.

"मॅडम, सांगितलं असतंत तर मीच घरी आले असते," मुबीना काझी दारातूनच म्हणाली. हेमांगीबाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर आलेली ही बाई. चाळिशीची, खाडीकडची, बोलायला मोकळी.

"घड्याळ घरी आणलं असतंस का?"

"ते नसतं आणलं."

"मग?"

घड्याळ कोपऱ्यात होतं. पत्र्याच्या ट्रंकेएवढी पेटी, वर चौकड्यांचं कापड टाकलेलं. ते कापड हेमांगीबाईंच्याच जुन्या पडद्याचं. इतक्या वर्षांत कुणी बदललं नव्हतं. त्यांनी पेटीवर हात ठेवला. आतला पंप पूर्वीसारखाच, झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरत होता.

उंची कार्यालयात घड्याळं कशाला, असं लोक त्यांना जन्मभर विचारत आले. त्या सांगायच्या, डोंगरावरचं घड्याळ पुढे धावतं, पायथ्याचं मागे पडतं. पृथ्वीच्या जितकं जवळ जावं तितकं घड्याळ मंद. अंबेमाळहून खाली सावरखोलला बाराशे चार मीटर उतरलं, की एका सेकंदाचे अब्ज तुकडे करावेत आणि त्यातले अकरा तुकडे दिवसाला मागे पडावेत, इतकं. साध्या घड्याळाला हे कळत नाही. या पेटीत अणू टांगलेले असतात आणि त्यांचे हेलकावे मोजतात, तिला कळतं. मग उलटा विचार करायचा. घड्याळ किती मागे पडलं ते पाहायचं आणि त्यावरून जागा किती खाली आहे ते सांगायचं. दुर्बीण नको, पट्टी नको, उन्हातान्हातून चालणं नको.

दोन हजार सत्तेचाळीसच्या पुरानंतर खाडीकाठच्या गावांचे बांध याच घड्याळांवरून बांधले गेले. सावरखोलचाही. त्या बांधाच्या उंचीच्या दाखल्यावर खाली सही होती, हेमांगी वि. शेडगे.

"काय राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"जुनं घड्याळ काढण्याआधी नव्याशी एकदा वर ताडून पाहायचं, एकदा खाली. वरचं झालं. आठ दिवस शेजारी शेजारी ठेवली होती, केसाचा फरक नाही. आता खाली न्यायची." मुबीना जरा अडखळली. "गाडी आपली आपण जाते, मॅडम. पण पेटीवर हात ठेवून माणसानं बसायचं, हा नियम तुम्हीच लिहिलाय. आमच्यातलं कुणी कधी बसलंच नाही. घरघर बदलली की कसं कळतं, तेही आम्हाला माहीत नाही."

"आणि ती खाली न्यायची म्हणजे सावरखोललाच."

"तिथलीच खोली आहे आपली." मुबीनानं नजर कागदावर ठेवली. अंबेमाळात सगळ्यांना ठाऊक होतं, की मॅडमचे यजमान सावरखोलला राहतात आणि मॅडम अकरा वर्षांत तिकडे उतरलेल्या नाहीत.

*

नवा बोगदा झाल्यापासून घाटाचा रस्ता बंद होता. हेमांगीबाई त्यातून पहिल्यांदाच जात होत्या. गाडी आत शिरली आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या दिव्यांच्या रेघा सुरू झाल्या. मांडीशी दोन्ही पेट्या, डाव्या हाताखाली जुनी, उजव्या हाताखाली नवी.

घाटात अडतीस वळणं होती. एसटी उतरायला लागली की कंडक्टर आधी पिशव्या वाटायचा. सातव्या वळणावर एक आजी करवंदांचे द्रोण घेऊन बसायची, विसाव्या वळणावर रस्ता कायमचा खचलेला. एकतीस आणि बत्तिसाव्या वळणांच्या मध्ये असा खड्डा होता की जीपमधली माणसं टपाला डोकी आपटून एकमेकांकडे बघून हसायची. याच रस्त्यानं त्यांनी ही जुनी पेटी बावीस वेळा खाली नेली होती, नवी शेजारी ठेवून. तेव्हा कार्यालय स्ट्रॉन्शियमची घड्याळं काढून यटर्बियमची घेत होतं. एक अणू जाऊन दुसरा आला, एवढाच फरक; ही एक जुनी पेटी तेवढी मागे राहिली.

"चहा घेणार?" मुबीनानं थर्मास उघडला. कप तिनं समोरच्या फळीवर ठेवला, काठोकाठ भरलेला. बोगदा संपेपर्यंत त्यातला एक थेंब सांडला नाही.

हेमांगीबाई त्या कपाकडे बघत राहिल्या.

सावरखोलची खोली बांधालगतच्या पंपघरामागे होती. आकाश भरलेलं, खाडीचं पाणी गढूळ. बांधावर पिवळी रेघ मारलेली, तिच्यावर भोंग्याची पेटी. समुद्रावरच्या मापकात पाणी रेघेच्या दाखल्यातल्या आकड्याला पोचलं की भोंगा वाजायचा आणि गाव उठून टेकडीवरच्या शाळेत जायचं. पिठोरी अमावास्या चार दिवसांवर होती.

दोन्ही घड्याळं शेजारी मांडली. सहा तास लागायचे. दुपारी चारला मुबीनानं आकडा वाचला, पुसला, पुन्हा वाचला.

"मॅडम, फरक येतोय. जुनं नव्याच्या मागे पडतंय."

"किती?"

"उंचीत सांगायचं तर बावीस सेंटिमीटर."

"वीतभर," हेमांगीबाई म्हणाल्या. त्या स्टुलावर बसल्या. त्यांना आकडा ऐकायच्या आधीच माहीत होता. बोगद्यात चहा सांडला नाही तेव्हाच त्या या आकड्याची वाट बघायला लागल्या होत्या.

"जुनं बिघडलंय, म्हणूनच काढतोय. तसं लिहू?"

"वर आठ दिवस नीट चाललं ना?"

"वर हो."

"उद्या वर ने. पुन्हा नीट चालेल."

*

अकरा वर्षांपूर्वी त्या बावीस वेळाही असंच झालं होतं. वर दोन्ही घड्याळं सख्ख्या बहिणींसारखी जुळायची, खाली आणली की जुनं वीतभराच्या हिशेबानं मागे पडायचं, वर नेलं की पुन्हा ठीक. जुन्या पेटीची बैठक नाजूक. हेमांगीबाईंनी नोंदवहीत एक रकाना आखला, 'घाटातला धक्का', आणि दर खेपेला तेवढा फरक काढून टाकला. स्वच्छ केलेले आकडे वर पाठवले. त्यात कपट नव्हतं. घाटातून उतरणाऱ्या प्रत्येकाला तो धक्का माहीत होता. ज्याचं डोकं टपाला आपटलंय तो धक्क्यावर शंका घेत नाही.

शंका घेतली ती एका माणसानं. धनंजय टिपणीस. हेमांगीबाईंना अणू शिकवणारे, निवृत्त होऊन अंबेमाळला राहायला आलेले. ते बारीक आवाजात बोलायचे आणि समोरच्याच्या ताटलीतली भजी खायचे.

सगळं जग सांगतं की जमिनीजवळ काळच सावकाश चालतो, घड्याळाचा त्यात काही दोष नाही. टिपणीस सर म्हणायचे, काळ सगळीकडे सारखाच असेल, घड्याळ दमत असेल तर?

"असं बघ हेमा," त्यांनी एकदा ओट्यावर बसून सांगितलं होतं. "दोन माणसं गावाला निघाली आणि दोघं उशिरा पोचली. का? एक कारण म्हणजे रस्ताच लांबला. मग दोघं सारखीच उशिरा पोचतील, पैलवान असो की पाप्याचं पितर. दुसरं कारण, रस्ता तेवढाच, पण दोघांच्या डोक्यावर ओझं दिलं. मग जो तो आपापल्या ताकदीप्रमाणे उशीर करेल. पृथ्वीची ओढ हे ओझं आहे असं मी म्हणतो. प्रत्येक अणूच्या हेलकाव्यातलं थोडं बळ ती ओढ खाते. बहुतेक अणू जवळजवळ सारखेच दमतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण दोन वेगळ्या जातीचे अणू शेजारी ठेवून खोल उतरलं, तर कधीतरी एक दुसऱ्याच्या मागे पडेल."

"आणि नाही पडला तर?"

"तर मी म्हातारपणी मूर्ख ठरेन. त्याची सवय आहे."

त्यांनी बावीस खेपांचे आकडे मागितले. हेमांगीबाईंनी दिले, स्वच्छ केलेले. सरांनी ते रात्रंदिवस पाहिले. दोन्ही घड्याळं अगदी जुळत होती. त्यांनी लिहिलेला निबंध मागे घेतला. परिषदेत लोक हसले. शेवटच्या आजारात हेमांगीबाई भेटायला गेल्या तेव्हा उशाशी मूळ वहीची छायाप्रत होती, कुणाकडून तरी मिळवलेली. धक्क्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं होतं, "हेमा, दर वेळी तेवढाच धक्का कसा बसतो गं?"

"सर, खड्डे तेच असतात ना," त्या म्हणाल्या होत्या. आणि त्यांना दूध प्यायचा आग्रह केला होता.

खड्डे तेच. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, रस्ता नवा केल्यावरही, तेच.

"म्हणजे नवं घड्याळ कमी दमतं," हे सगळं ऐकून मुबीना सावकाश म्हणाली. तिनं कागदावर बाण काढले. "खाली येऊन कमी मागे पडतं, म्हणून खालची जागा आहे त्यापेक्षा वर असल्यासारखी दाखवतं. वीतभर वर." ती थांबली. "पण पाण्याची पातळी तर समुद्रावरून मोजतात, घड्याळावरून नाही."

"जमीन वरून मोजली, पाणी खालून," हेमांगीबाई म्हणाल्या. "दाखला यटर्बियमच्या आकड्यावरून काढलेला. कागदावर बांध नऊ मीटर वीस. खरा आठ अठ्ठ्याण्णव."

"अमावास्येला उधाणाचा अंदाज नऊ बारा आहे, मॅडम."

पंपघराच्या पत्र्यावर एक कावळा पाय घासत चालत होता.

"पिवळ्या रेघेचा आकडा खाली घ्यायचा तर दाखला रद्द करावा लागेल," मुबीना म्हणाली. "कारण लिहावं लागेल. जुना दाखला ज्याचा, त्यानंच. आणि दुसरं मोजमाप जोडावं लागेल, घड्याळाशिवायचं. चार दिवसांत वरून मोजत यायला माणूस कुठून आणणार?"

"वरून मोजत आलेला माणूस इथेच राहतो," हेमांगीबाई उठत म्हणाल्या.

*

विनायक शेडगे पायरीवर बसून नारळ सोलत होते. शहात्तर वर्षांचे, वाळलेले. बायकोला पाहून त्यांनी कोयता खाली ठेवला नाही.

"बोगद्यातून आलीस?"

"हो."

"कान बंद होतात म्हणे."

"थोडे."

ते भूमापन खात्यातले. दुर्बीण तिपाईवर ठेवून, पट्टी धरून, पन्नास पन्नास पावलांनी उंची उतरवत न्यायची, हे त्यांचं काम. बांधाआधी त्यांनी अंबेमाळच्या खुणेच्या दगडापासून सावरखोलच्या देवळाजवळच्या दगडापर्यंत घाट पायी मोजला होता, एक्केचाळीस दिवस. त्या लोकांची रीत अशी की मोजत उतरायचं आणि त्याच वाटेनं मोजत परत चढायचं. दोन्ही आकडे जुळले तरच खरं. त्यांचे जुळले होते. ते घड्याळापेक्षा वीतभर कमी आले होते.

बायकोनं त्यांच्या आकड्यावर तांबडी रेघ मारली होती. शेरा लिहिला होता, 'चालीतली मानवी चूक.' घरी जेवताना सांगितलं होतं, अहो, घड्याळ चालत नाही, माणूस चालतो, माणूसच चुकणार. ते जेवून उठले होते. आठवड्यानं सावरखोलच्या घराची कौलं बघून येतो म्हणून गेले, ते राहिलेच. भांडण झालं नाही. सणाला फोन व्हायचे. मुलगी दोघांकडे वेगवेगळी यायची.

"तुमचं बरोबर होतं," हेमांगीबाई म्हणाल्या. उभ्यानंच. "बांध वीतभर बुटका आहे. घड्याळ खाली येऊन जेवढं दमायला हवं तेवढं दमत नाही. टिपणीस सर म्हणायचे ते."

"ते भजी खाणारे?"

"तेच."

विनायकराव नारळाचं सोडण ओढत राहिले. "मी तेव्हा दोनदा आणखी मोजलं होतं. तुला सांगितलं नाही. इथून वर, वरून इथं. रजा टाकून." नारळ उघडा झाला. त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला. "मलाही वाटायला लागलं होतं, की मीच चुकत असेन. रोज तेवढंच चुकतोय."

हेमांगीबाईंना बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हटलं नव्हतं.

"अकरा वर्षं, हेमा."

"हो."

"त्याला कोणती दुरुस्ती लावणार?"

हेमांगीबाईंनी देवळाकडे हात केला. त्या म्हणाल्या, "देवळाजवळचा तुमचा दगड आहे अजून. तिथून बांध दीडशे पावलं. ते अंतर तुम्ही मोजून दिलंत तर उद्या रेघ खाली येईल. नाही दिलंत तर गुरुवारी भोंगा वाजायच्या आधी पाणी घरात असेल. तुमच्याही."

"मला माहितेय. माझ्या सगळ्या वस्तू माळ्यावर आहेत. अकरा वर्षं."

"शेजाऱ्यांच्या?"

"त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तुमच्या बाईंनीच तर सही केलीय." ते पहिल्यांदा हसले, एका गालानं. "मी काय म्हणणार?"

कोयता भिंतीला टेकवून ते आत गेले. खूप वेळ आतून खुडबुड ऐकू येत राहिली. माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. हेमांगीबाई पायरीवर बसल्या, न विचारता.

ते बाहेर आले तेव्हा खांद्यावर तिपाई होती, पितळी दुर्बिणीची लाकडी पेटी होती, आणि लाल-पांढरे आकडे उडालेली पट्टी.

"पट्टी धरायला माणूस लागतं," ते म्हणाले. "तुला जमेल? का गुडघे?"

"जमेल."

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या हौसेनं त्यांच्या कामावर जायच्या आणि पट्टी धरायच्या. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. तेव्हा ते ओरडून सांगायचे, तुझी वेणी आभाळात चाललीय बघ. मजूर हसायचे. आता वेणी नव्हती.

देवळाजवळच्या दगडावर शेवाळ होतं. ते त्यांनी नखानं खरवडलं. दीडशे पावलांना सव्वा तास लागला. विनायकरावांचा एक डोळा मोतीबिंदूचा, त्यामुळे प्रत्येक आकडा ते तीनदा बघत होते. हेमांगीबाईंचे हात भरून आले, पट्टी हलायला लागली.

"सरळ धर."

"धरलीय."

"डावीकडे पडतेय. दमलीस तर सांग."

"वाचा तुम्ही."

मुबीना छत्री धरून मागून येत होती आणि आकडे लिहून घेत होती. शेवटच्या मुक्कामावरून त्यांनी बांधाचा माथा वाचला. आठ मीटर अठ्ठ्याण्णव. मग नियमाप्रमाणे परत दगडापर्यंत मोजत गेले. आकडा तोच आला.

*

पंपघरात मुबीनानं अर्ज उघडून समोर ठेवला. दाखला रद्द करण्याचं कारण, असा रकाना होता.

"मॅडम, 'उपकरणातील तांत्रिक फरक' असं लिहिलं तरी चालतं," ती हळूच म्हणाली. "रेघ खाली येईल. तुमचं नाव कुठे येणार नाही. नाहीतर अख्ख्या किनाऱ्यावरचे बांध पुन्हा मोजावे लागतील. मोठमोठे लोक येतील, सरांचं काढतील, तुमचं काढतील. चौकशी चालू राहील वर्षानुवर्षं. तुम्हाला झेपेल का?"

"नाही झेपणार," हेमांगीबाई म्हणाल्या. "पण इतर गावांच्या बांधांनाही वीतच कमी असेल ना? कुठे जास्त, कुठे कमी."

त्यांनी लिहिलं, 'बावीस खेपांत धक्का बसला नव्हता. मी तो गृहीत धरला आणि खरा फरक नोंदीतून काढून टाकला. काढलेले आकडे सोबत जोडते. दोन अणू पृथ्वीजवळ वेगवेगळे मंदावतात, असे धनंजय टिपणीस यांचे म्हणणे होते. ते तपासावे. विनायक शेडगे यांच्या मोजणीवर मी मारलेला शेरा रद्द समजावा.' मग सही केली. सहीतला 'वि.' लिहिताना पेन क्षणभर अडलं.

दुसऱ्या दिवशी रेघेचा आकडा खाली आला. गुरुवारी दुपारी, पाणी माथ्याला लागायच्या पुष्कळ आधी, भोंगा वाजला. पिठोरीची वाणं ओटीत घेऊन, गुरं पुढे घालून, सावरखोल टेकडीवर चढलं. संध्याकाळच्या उधाणाला पाणी बांधावरून सावकाश, आवाज न करता आत आलं. शाळेच्या व्हरांड्यातून सगळं गाव ते बघत होतं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "सही करणारी बाई हीच ना?" कुणीतरी तिला गप्प केलं. हेमांगीबाईंनी मान खाली घातली नाही, की वरही केली नाही.

शुक्रवारी पाणी ओसरलं. विनायकरावांच्या घरात चिखल होता, भिंतीवर गुडघाभर ओली रेघ. माळ्यावरचं सगळं कोरडं. दोघं खराटे घेऊन चिखल लोटत होती. वर अंबेमाळला परत कधी जाणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि हेमांगीबाईंनी सांगितलं नाही.

मध्येच ते बाहेर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली.

"हेमा, जरा ये इकडे."

पंपघराच्या भिंतीवर, बांधाच्या माथ्याच्या वर, चिखलाची सरळ रेघ उमटली होती. पाणी तिथवर येऊन थांबलं होतं. विनायकरावांनी पंजा पसरला, करंगळी माथ्यावर टेकवली. अंगठा रेघेच्या थोडा वर गेला.

"बघ," ते म्हणाले. "तुझा धक्का."

हेमांगीबाईंनी आपला हात त्यांच्या हाताशेजारी भिंतीला लावला. भिंत अजून गार होती. पंजा त्यांना पूर्वीइतका ताणता येईना. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत तो बरोबर रेघेला लागला.

"पाणी अंदाजापेक्षा थोडं जास्त आलं," त्या म्हणाल्या.

"ते लिहून ठेव," ते म्हणाले. "आहे तसंच लिही."